सुगंध किती लावावा, हे लावणाऱ्याच्या नाकाला का कळत नाही

लिफ्टचं दार उघडतं आणि माणूस दिसायच्या आधी त्याचा सेंट येऊन भिडतो. हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. त्या माणसाला विचारलं तर तो अगदी मनापासून सांगेल, "आज तर कमीच लावलंय." तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच वास येत नसतो. परफ्यूम कुठे लावावा, किती लावावा, कधी लावूच नये, या सगळ्या रीतीभाती एवढ्या एका गोष्टीतून निघतात. आपण लावलेला सुगंध आपल्यालाच सर्वांत आधी कळेनासा होतो.

असं का होतं, ते आधी पाहू. नाकाच्या आत अगदी वर, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, वास ओळखणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. हवेतून आलेले रेणू तिथल्या ग्राहकांना, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या रिसेप्टरना, चिकटतात आणि मेंदूला खबर जाते. माणसात असे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचा शोध जाहीर केला आणि त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. एकच वास सतत येत राहिला, की या पेशी हळूहळू प्रतिसाद कमी करतात आणि मेंदूही ती खबर बाजूला सारतो. ही सोय आपल्या भल्याचीच आहे, कारण नाकाचं खरं काम आहे नवं काय आलं ते सांगणं. गॅस गळतोय का, दूध करपतंय का, हे चटकन कळायचं असेल तर जुना, ओळखीचा वास मागे पडायला हवा. घरात बोंबील तळले की दारातून आत येणाऱ्याला लगेच कळतं, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्याला नाही, ते याचमुळे.

परफ्यूमच्या बाबतीत हे काही मिनिटांतच घडतं. सकाळी दोन फवारे मारले, ऑफिसला पोचेपर्यंत वास 'उडाला', म्हणून बॅगेतून बाटली काढून आणखी तीन. शेजारी बसणाऱ्याचं नाक ताजं असतं, त्याला पाचही फवारे मोजून मिळतात. एकच बाटली वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांचं प्रमाण असंच नकळत वाढत जातं. त्यात आणखी एक भर पडते. काही लोकांना कस्तुरीच्या जातीचे काही कृत्रिम रेणू मुळात कळतच नाहीत, कारण ग्राहकांची ठेवण माणसागणिक वेगळी असते. तुम्हाला फिका वाटणारा सुगंध शेजाऱ्याला उग्र वाटू शकतो आणि दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं.

म्हणून पहिली शिफारस अशी: प्रमाण नाकावर सोडू नका, आकड्यावर ठरवा. तो आकडा किती, हे बाटलीत काय आहे त्यावर ठरतं.

बाटलीत काय असतं

परफ्यूममध्ये सुगंधी तेलं आणि रेणू अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात, बरोबर थोडं पाणी. तेलाचं प्रमाण किती, त्यावरून नावं पडली आहेत. 'पारफ्यूम' किंवा 'एक्स्ट्रे' म्हणजे साधारण २० ते ३० टक्के, 'ओ द पारफ्यूम' १५ ते २०, 'ओ द तॉयलेत' ५ ते १५ आणि 'कोलोन' २ ते ५ टक्के. या सीमा कायद्याने बांधलेल्या नाहीत, त्यामुळे दोन कंपन्यांच्या एकाच नावाच्या बाटल्या सारख्या निघतीलच असं नाही.

कोलोन म्हणजे पुरुषांचा सेंट, ही समजूत नंतरची आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने १७०९ मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या तेलांचा हलका सुगंध विकायला काढला आणि त्याला शहराचं नाव दिलं. स्त्रिया आणि पुरुष दोघंही तो वापरत. आजही बाटलीवर 'फॉर हिम', 'फॉर हर' लिहिलेलं असतं ते विक्रीच्या सोयीसाठी. आवडला तर कुणीही कुठलाही लावावा.

लावल्यावर वास बदलत जातो, त्यामागे साधं बाष्पीभवन आहे. लिंबू-संत्र्यातलं लिमोनीन हलकं, त्याचा रेणुभार १३६. ते पहिल्या १०-१५ मिनिटांत उडून जातं. मग फुलांचे आणि मसाल्यांचे मधले वास वर येतात, ते दोन-तीन तास टिकतात. चंदनातलं सँटॅलॉल जड, रेणुभार २२०. ते आणि कस्तुरी, अंबर, राळ असे जड घटक त्वचेवर सर्वांत शेवटपर्यंत राहतात. दुकानात बाटली हुंगताक्षणी जे आवडतं, ते या पहिल्या पंधरा मिनिटांचं असतं. पैसे देतो ते मात्र पुढच्या सहा तासांचे. म्हणून खरेदीची माझी एकच ठाम सूचना आहे: कागदी पट्टीवर तीन-चारांतून एक निवडा, तो मनगटावर लावा आणि दुकानाबाहेर पडा. चहा प्या, बाजार फिरा, दोन तासांनी मनगट हुंगा, मग ठरवा. मध्ये नाक 'साफ' करायला कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात. तपासून पाहिलं तेव्हा साध्या हवेपेक्षा तिचा फायदा अधिक दिसला नाही. बाहेर जाऊन दोन श्वास घेतले तरी पुरे.

अत्तराची गोष्ट वेगळी

पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसतं. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळून, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा होणाऱ्या भांड्यात, उतरवतात. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते सुगंध धरून ठेवतं. चंदन महाग झाल्यापासून बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी दुसरी तेलं वापरतात, म्हणून किंमत फारच कमी असेल तर 'अस्सल चंदनातलं' या शब्दावर विश्वास ठेवू नये. याच कनौजचं मातीचं अत्तर प्रसिद्ध आहे. भाजलेल्या मातीतून ते काढतात आणि पहिल्या पावसाचा वास त्यात उतरतो. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये पावसाच्या वासावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी भारतातल्या या अत्तराची दखल घेतली होती.

अल्कोहोल नसल्यामुळे अत्तर एकदम उसळत नाही. अंगालगत राहतं आणि हळूहळू दरवळतं. त्याचं प्रमाण थेंबांत नाही, काडीच्या टोकात मोजायचं. बाटलीच्या झाकणाला असलेली काचेची काडी एकदा टेकवली की झालं. जुनी माणसं कापसाचा फाया कानाच्या पाळीत ठेवत. त्यात मोठं शहाणपण आहे: जागा उबदार, तिथे घासणं होत नाही, कपड्याला डाग पडत नाही आणि फाया काढून टाकला की सुगंधही निघून जातो. एवढी सोय परफ्यूमच्या कुठल्याच आधुनिक बाटलीत नाही.

अत्तराला ऋतूही आहेत. वाळा, मोगरा, केवडा, गुलाब, माती ही उन्हाळ्याची. हिना, शमामा, ऊद, केशर ही थंडीची. ही विभागणी निव्वळ हौसेची नाही. वैशाखात अंग तापलेलं असतं, वाफ जास्त होते, तेव्हा जड आणि मसालेदार वास गुदमरवतात.

आणि लग्नातलं अत्तर-गुलाब. दारात एकजण गुलाबदाणीतून पाणी शिंपडतो, दुसरा पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट ओढतो. मला ही रीत फार विचारपूर्वक घडलेली वाटते. प्रत्येकाला सारखंच, एकच बोट, एकाच सुगंधाचं. मांडवात दोनशे माणसं असली तरी वासांची मारामारी होत नाही. गाण्याच्या बैठकीत आणि दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत अत्तर लावतात तिथेही हेच. अशा ठिकाणी जाताना घरून भरपूर परफ्यूम मारून जाणं म्हणजे यजमानाच्या सुगंधावर आपला लादणं. तिथे कोरं जावं.

किती आणि कुठे

एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर द्रव असतो, म्हणजे ५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ५०० फवारे. ऑफिससाठी 'ओ द पारफ्यूम' असेल तर दोन फवारे पुरतात. 'ओ द तॉयलेत'चे तीन, कोलोनचे चार-पाच. मोकळ्या मैदानातलं लग्न, रात्रीचा समारंभ असेल तर एखादा जास्त. दोन फवारे रोज धरले तर ती बाटली आठ महिने चालायला हवी. दोन महिन्यांत संपत असेल तर उत्तर तुमच्या समोर आहे.

एक हात लांब उभ्या असलेल्या माणसाला आपला सुगंध येऊ नये, जवळ येऊन बोलणाऱ्याला यावा, हे कामाच्या ठिकाणचं बरोबर माप. ते जमलंय का हे स्वतःला कळणार नाही, म्हणून घरातल्या कुणाला तरी विचारा. लावल्यावर लगेच नाही, अर्ध्या तासाने, ती व्यक्ती दुसऱ्या खोलीतून आल्यावर.

फवारा १५-२० सेंटिमीटरवरून मारावा. मान, छाती, कोपराची आतली बाजू या जागा चांगल्या. गळ्यावर अगदी हनुवटीखाली मारला तर आपलंच नाक लवकर थकतं, त्यापेक्षा छातीवर सदऱ्याच्या आत मारलेला बरा. मनगटावर मनगट घासायची सवय अनेकांना असते. त्याने 'रेणू तुटतात' असं सांगितलं जातं, ते खरं नाही. घर्षणाने त्वचा तापते आणि पहिले हलके वास लवकर उडतात, एवढंच. कोरड्या त्वचेवर सुगंध टिकत नाही. आंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम किंवा किंचित व्हॅसलीन लावून त्यावर मारला तर दोन फवाऱ्यांत तीनांचं काम होतं.

हवा बघूनही हात आवरावा लागतो. मे महिन्यात ठाण्याला किंवा पणजीला दमट उकाडा असतो. घामेजलेल्या अंगावर आणि हलत्या वाऱ्याविना वास तिथेच साचून राहतो. डिसेंबरात नाशिकला तोच सुगंध निम्मा भासतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हात तो भपकन उठतो आणि लवकर संपतो, तेव्हा एकदम चार मारण्यापेक्षा सकाळी एक आणि दुपारी एक हे शहाणपणाचं.

कपड्यांवर मारला तर जास्त टिकतो, पण सुती कपड्यावरच मारावा. पैठणी किंवा कुठल्याही रेशमावर अल्कोहोलचे डाग पडतात आणि हिन्यासारखी गडद अत्तरं तर कायमचे डाग पाडतात. दुसरी काळजी मोत्यांची. नथ, तन्मणी, मोत्यांच्या कुड्या घालण्याआधी परफ्यूम लावून वाळू द्यावा. मोत्याचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा आणि नाजूक असतो, फवाऱ्याने त्याची झळाळी जाते. आजीची नथ अशी निस्तेज झालेली पाहिली की वाईट वाटतं, कारण ती झळाळी परत आणता येत नाही. तिसरी काळजी आगीची. बाटलीत बहुतांश अल्कोहोल असतं. समईजवळ, निरांजनाजवळ, गॅसपाशी, फटाक्यांच्या वेळी फवारा मारू नये.

घामावर उतारा म्हणून परफ्यूम चालत नाही, हेही इथेच सांगायला हवं. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतले जिवाणू तो फोडतात तेव्हा वास तयार होतो. त्यावर परफ्यूम मारला तर दोन्ही मिसळून तिसरंच काहीतरी होतं. आधी साबण-पाणी, कोरडी काख, लागलंच तर घाम रोखणारं अँटीपर्स्पिरंट. ते रात्री झोपताना लावलं तर जास्त लागू पडतं, कारण तेव्हा घाम कमी असतो आणि त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार नीट बसतात. न्हाव्याकडची तुरटी हाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे. तिचा खडा ओला करून काखेत फिरवायची जुनी सवय निरर्थक नव्हती.

जिथे लावूच नये

बंद जागा हा सगळ्यात मोठा प्रश्न. साध्या लोकलला उघडी दारं होती, वारा सगळं घेऊन जायचा. २०१७ च्या डिसेंबरात पश्चिम रेल्वेवर एसी लोकल सुरू झाली आणि दारं बंद झाली. तिथे, शेअर कॅबमध्ये, विमानात, छोट्या मीटिंग रूममध्ये सुटकेला जागा नसते. अर्धशिशीच्या रुग्णांमध्ये उग्र सुगंधाने डोकं उठणं अगदी नेहमीचं आहे. दम्याच्या माणसाला छाती भरून येऊ शकते. त्यांच्यासाठी हा आवडीनिवडीचा विषय नाही, तो दिवस वाया जाण्याचा विषय आहे. प्रवासातला परफ्यूम उतरल्यावर लावता येतो.

दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना, केमोथेरपी चालू असलेल्याकडे, गरोदर बाईजवळ आणि बाळंतिणीच्या खोलीत जाताना काहीही लावू नये. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत आवडता वाससुद्धा मळमळ आणतो. तान्ह्या बाळाला तर आईचा वास ओळखायचा असतो. बाळाला उचलून घेणाऱ्या मावश्या-आत्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मुलाखतीला, परीक्षेच्या हॉलमध्ये आणि सांत्वनाला जातानाही तेच.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांना हे नियम लेखी भेटतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००९ मध्ये आपल्या इमारतींत सुगंधी उत्पादनांबाबत धोरण केलं आणि कर्मचाऱ्यांना सुगंधविरहित राहण्याचं आवाहन केलं. कॅनडातल्या कितीतरी इस्पितळांच्या आणि शाळांच्या दारावर 'सुगंध वापरू नका' अशी पाटी असते. तिकडे नव्याने नोकरीला जाणाऱ्याने पहिल्या दिवशी बिनवासाचं जावं आणि धोरण विचारून घ्यावं.

आता सह्याद्रीतली एक खास गोष्ट. गडावर जाताना परफ्यूम आणि डिओ लावू नका, असं ट्रेकचे ग्रुप बजावतात ते आग्या मोहोळामुळे. कड्यांवर आणि बुरुजांखाली या माश्यांची पोळी असतात. मधमाशी डंख मारताना धोक्याचा जो रासायनिक इशारा सोडते, त्यातला एक मुख्य घटक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास असतो. फळांच्या वासाच्या उत्पादनांत हाच पदार्थ वापरला जातो. उग्र वास, गोंगाट आणि धूर यांनी माश्या चवताळतात. गडावर धावायला जागा नसते, त्यामुळे इथे नियम पाळणं हा जिवाचा प्रश्न आहे.

त्वचा आणि बाटलीची काळजी

खोक्यावर बारीक अक्षरात लिमोनीन, लिनालूल, सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, कूमारिन अशी नावं दिसतात. ही अ‍ॅलर्जी आणू शकणारी द्रव्यं आहेत. युरोपीय संघाने आधी अशी २६ नावं छापणं बंधनकारक केलं होतं. २०२३ मध्ये यादी ८० च्या वर नेली. 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं म्हणजे निर्धोक असं समजू नये, कारण यातली बरीच नावं फुलाफळांतलीच आहेत. नवी बाटली आधी कोपराच्या आत थोडी लावून एक-दोन दिवस पाहावी. लिंबूवर्गीय तेल, विशेषतः बर्गमॉट, कच्चं लावून उन्हात गेलं तर त्यातल्या बर्गाप्टेनमुळे त्वचेवर काळपट ओघळ उठू शकतात. चांगल्या कंपन्या हा घटक काढतात किंवा अगदी कमी ठेवतात, पण सुटं तेल आणून घरी मिसळणाऱ्यांनी सावध राहावं.

बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नये. उष्णता, उजेड आणि हवा लागून लिमोनीन आणि लिनालूल यांचं ऑक्सिडेशन होतं. त्यातून जी द्रव्यं तयार होतात, ती मूळ रेणूंपेक्षा जास्त अ‍ॅलर्जी आणतात. कपाटात, खोक्यातच ठेवावी. रंग गडद झाला आणि पहिला वास आंबट येऊ लागला, तर ती संपली असं समजावं.

दुसऱ्याला सांगायचं कसं, हे मात्र जरा अवघड आहे. ग्रुपवर संदेश टाकून किंवा सगळ्यांसमोर नाक मुरडून कधीच सांगू नये. एकट्याला गाठावं आणि गोष्ट स्वतःच्या डोकेदुखीपासून सुरू करावी: "तुझा सेंट छान आहे, पण मला तीव्र वासाने डोकं धरतं. आपण शेजारी बसतो तेवढे दिवस थोडा कमी लावशील का?" ज्येष्ठ सहकारी असतील तर, "सर, मला अर्धशिशीचा त्रास आहे, आपण मदत केलीत तर बरं होईल." बहुतेक माणसं ओशाळतात आणि लगेच ऐकतात, कारण त्यांना खरंच माहीत नसतं. आणि आपल्याला कुणी असं सांगितलं, तर "मला तर येत नाही" हे उत्तर देऊ नये. येणारच नाही.

तेव्हा लगेच उतरवायचाही उपाय आहे. कापसावर सॅनिटायझर घेऊन लावलेली जागा पुसावी, मग साबणाने धुवावी. अत्तर असेल तर आधी खोबरेल तेलाचा थेंब चोळून टिपून घ्यावा, मग साबण. सदऱ्यावर मारला असेल तर मात्र पुसून जात नाही, सदराच बदलावा लागतो.